दोन पावसाळ्यांचं लाकूड

लाकडाला घाम येतो, हे अरुंधती चौबळांनी पहिल्यांदा ऐकलं ते १९९० च्या मे महिन्यात, नवीन पनवेलच्या आपल्या तळमजल्यावरच्या घराच्या मागच्या दारात. ऐकून त्या खुदकन हसल्या होत्या. शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईने त्या वाक्याला हसावं, याची पुढे त्यांना फार लाज वाटली.

म्हणणारी होती गुणाबाई. पनवेलच्या कोळीवाड्यातली, साठीच्या आसपासची, काटक, डोक्यावर पाटी घेऊन रेल्वेलाइन ओलांडून नवीन पनवेलपर्यंत चालत येणारी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती चौबळांच्या मागच्या दारी खाडीची कोलंबी किंवा सोडे घेऊन बसायची. घासाघीस करताना ती कोणाच्या बापाला ऐकत नसे, पण त्या दिवशी तिचं लक्ष भावात नव्हतं. ती मागच्या अंगणात भिंतीला लागून उभ्या केलेल्या एका निळ्या गाठोड्याकडे बघत होती.

गाठोडं होतं कृष्णकांत चौबळांचं. कृष्णकांत बँकेत हेडक्लार्क. वडिलांचा तांब्याचा बंब त्यांनी पुण्याहून इथे आणला होता, कारण गिझरच्या पाण्याने अंग ओलं होतं, आंघोळ होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पावसाळ्याची बेगमी म्हणून त्यांनी वखारीतून दोन हातगाड्या लाकूड आणलं, भिंतीला अगदी चिकटवून रचलं आणि वरून, खालून, चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने आवळून टाकलं. बँकेतून मुख्य कचेरीला जाणारी पार्सलं ते असंच बांधायचे. वर लाखेचा शिक्का तेवढा मारायचा राहिला होता.

“सायेब, त्याला असं गुंडाळू नका,” गुणाबाई म्हणाली. “घाम येल त्याला. वरनं झाका, बाजूनी उघडं ठेवा. भिंतीपासनं हातभर लांब सरकवा.”

“अहो गुणाबाई, पाऊस वरून येतो तसा बाजूनेही येतो,” कृष्णकांत म्हणाले.

“येतो ना. वाऱ्याबरुबर जातो पन. तुमचं पानी आत गेलं तर भायेर जानार कुठनं?”

कृष्णकांतांनी हसून विषय सोडून दिला. पुढे आठवडाभर जेवताना त्यांचा तोच विनोद चालला. लाकडाला ताप आहे का बघून येतो, म्हणत ते मागच्या दारी जायचे आणि अरुंधतीबाई हसायच्या. बाष्पीभवनाचा धडा त्यांना तोंडपाठ होता. तो आपल्याच अंगणात उभा आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जून संपता संपता त्यांची मुलगी अनुया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तारीख ऑगस्टची होती, पण जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पोटात दुखू लागलं आणि आठव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन पावणेदोन किलो. दहा दिवस ती नर्सिंग होममध्ये काचेच्या पेटीत राहिली. अकराव्या दिवशी डॉक्टर चारुदत्तांनी तिला घरी सोडलं आणि कृष्णकांत-अरुंधतींना बाजूला घेऊन सांगितलं, “दूध ओढतेय, वजनही धरतेय. तुम्ही एकच गोष्ट सांभाळा, ऊब. अंगातली ऊब धरून ठेवायची ताकद तिच्यात अजून नाही. खोली थंड पडली की तिचे हातपाय गार पडतील, मग ती दूध ओढायचं सोडेल. आणि दूध सोडलं, तर मला कसलीच खात्री देता येणार नाही.”

त्यांनी तीस अंशाचा आकडा सांगितला आणि पाळण्यावर दोनशे वॉटचा दिवा टांगायला लावला. कृष्णकांतांनी दिवा टांगला. एका औषध कंपनीने कॅलेंडरबरोबर दिलेला तापमापक भिंतीवर लावला. दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, पाऊस असा कोसळू लागला की समोरची इमारत दिसेना, आणि सातच्या सुमाराला वीज गेली.

ट्रान्सफॉर्मर जळालाय, रस्त्यावर पाणी आहे, चार दिवस तरी धरून चाला, असं शेजारी चौकशी करून आले. नर्सिंग होमही अंधारात होतं, तिथला जनरेटर ऑपरेशनपुरता चालायचा. रबरी पिशव्यांसाठी पाणी उकळता उकळता शुक्रवारी पहाटे गॅसचा सिलिंडर संपला. दुसऱ्याचा नंबर लागायला पंधरा दिवस होते. रॉकेल बाटलीच्या तळाशी. तेव्हा कृष्णकांत मागे गेले आणि त्यांनी आपलं पार्सल उघडलं.

प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब ओळीने लोंबत होते. लाकडांवर पांढरी बुरशी धरली होती, भिंतीकडच्या ओंडक्यांवर अळंब्या उगवल्या होत्या. वास तळघरासारखा. त्यातल्या त्यात बरं लाकूड निवडून त्यांनी मागच्या पडवीत विटा मांडल्या आणि जाळ करायला घेतला. लाकूड सुसू करत राहिलं, टोकांतून पाणी गळू लागलं आणि धूर सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरला. पोर शिंकू लागली. दार लावलं तर पडवी धुराने भरून विस्तव विझे, उघडलं तर खोलीत धूर आणि वारा दोन्ही. तापमापक चोवीसवर आला होता. अनुया आतून म्हणाली, “आई, ही पीत नाहीये गं.”

कृष्णकांत पडवीतच खाली बसले. आपल्या हुशारीने नातीचा जीव जातोय, हे त्या शहाण्या माणसाला अगदी स्वच्छ कळलं होतं.

नेमकी त्याच वेळी गुणाबाई सुकट घेऊन मागच्या दारी आली. शुक्रवार होता, आणि पावसासाठी वार चुकवणाऱ्यांतली ती नव्हती. तिने धूर बघितला, उघडं पडलेलं प्लॅस्टिक बघितलं, कृष्णकांतांकडे बघितलं. मी सांगितलं होतं, हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

तिने हात घासून धुतले, कोरडे केले, पदराखाली धरून गरम केले आणि मग आत जाऊन पोरीच्या तळपायाला बोटाची मागची बाजू लावली.

“पाय गार झालेत,” ती म्हणाली. “बाय, चोळी सोड. पोरीला उघड्या छातीवर घे.” अनुयाच्या अंगावर पोरीला पालथं ठेवून तिने जुन्या मऊ लुगड्याने दोघींना एकत्र बांधलं आणि वरून गोधडी घातली.

“कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवू का?” कृष्णकांतांनी विचारलं. “वाण्याकडे कोळसा मिळेल.”

“नाय. बंद खोलीत निखारा नाय ठेवायचा, सायेब. झोपेतल्या झोपेत मानूस जातो, कोनाला कळत पन नाय. आग भायेरच ऱ्हायल, आत नुसती ऊब जायल.” पडवीतलं एक लाकूड तिने उचललं, दुसऱ्यावर आपटलं. थप्प असा आवाज आला. तिने ते परत ठेवून दिलं. “वैनी, उरल्या रॉकेलवर पिशव्या भरत ऱ्हावा. दीड तासात येते.”

ती खरंच दीड तासात आली. कोळीवाड्यातल्या बळीरामच्या रिक्षातून तीन गोणी उतरल्या, मेणकापडात गुंडाळलेल्या, आणि पाठोपाठ मासळीच्या पाटीत सहा चपटे काळे दगड. सगळ्याला सुक्या बोंबलाचा वास. एरवी अरुंधतीबाईंनी नाक मुरडलं असतं.

तिने गोणीतून लाकूड काढलं आणि अरुंधतीबाईंच्या हातात दिलं. तो धावड्याचा तुकडा मनगटापेक्षा जाड होता, पण हाताला त्याचं वजनच लागेना. रंग राखेसारखा झालेला, साल आपोआप सुटलेली, कापलेल्या टोकावर मधोमध चांदणीसारख्या भेगा. “गालाला लावा,” गुणाबाई म्हणाली. अरुंधतीबाईंनी लावला. बाहेर धो धो पाऊस होता, हवा ओलीकच्च होती, हातातला पदरही दमट होता, आणि ते लाकूड मात्र मे महिन्यातल्या दुपारसारखं कोरडं होतं. गुणाबाईने दोन तुकडे एकमेकांवर आपटले. टण्ण आवाज आला. आत गोधडीखालची अनुयाही त्या आवाजाने दचकली.

मग तिने नारळाच्या एका सुक्या सोडणाला काडी लावली. एकच काडी. वर बोटाएवढ्या ढलप्या, त्यावर आंब्याचं हलकं लाकूड, ते धरल्यावर धावड्याचं आणि ऐनाचं टणक लाकूड. अरुंधतीबाई धुराची वाट बघत उभ्या राहिल्या. धूर आलाच नाही. पिवळा, सरळ, शांत जाळ उभा राहिला, आणि पडवीतली हवा इतकी स्वच्छ राहिली की त्यांना पलीकडचा पाऊस नीट दिसत होता. रात्रभराचा पाऊस जिकडेतिकडे मुरला असताना या बाईने जणू दुसऱ्याच ऋतूतली आग आणून इथे ठेवली होती.

दगड तिच्या सासूचे होते. नवा दगड तापला की फुटतो, अंगात पाणी असतं त्याच्या, पण हे सहा दगड पन्नास वर्षं तापून तापून निवलेले होते. तीन जाळात, तीन गोणपाटात गुंडाळून घमेल्यात घालून अनुयाच्या खाटेखाली. आतले कोमट झाले की बाहेरचे आत. एवढाच सगळा खेळ. पण कधी बदलायचे, कुठलं लाकूड कधी सारायचं, दार किती बोटं उघडं ठेवायचं, हे तिचं तिलाच माहीत. ती घड्याळाकडे बघतच नव्हती. जाळाकडे बघायची, मग आत जाऊन पोरीचे तळपाय चाचपायची, आणि येऊन एखादं लाकूड आत सारायची किंवा बाहेर ओढायची.

दुपारी दोनला तापमापकाचा काटा तीसवर आला. तीनला अनुया म्हणाली, “पितेय.” अरुंधतीबाई मोरीत गेल्या आणि तोंडाला पदर लावून रडून आल्या.

कृष्णकांतांनी कागद घेतला आणि दर तासाला आकडा लिहू लागले. दुसरं काही हातात नसलं की हिशेबी माणूस एवढंच करू शकतो. तीस, साडेतीस, तीस, तीस, साडेतीस. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. बाहेर वारा बदलला, एकदा पडवीत पाणी शिरलं, तरी कागदावरचा आकडा अर्ध्या अंशापलीकडे हलला नाही. बँकेत त्यांनी मोठमोठे साहेब बघितले होते, पण या कागदाकडे बघताना त्यांना वाटत होतं की आपण आजवर कुणाचं खरं कसब बघितलंच नाही.

ते चार दिवस गुणाबाई घरी गेली नाही. अरुंधतीबाई जाळापाशी बसल्या की ती तिथेच भिंतीला टेकून डुलकी काढायची. रोज सकाळी तिची सून भावना बळीरामच्या रिक्षातून तीन गोणी पाठवायची. अरुंधतीबाई रोज विचारायच्या, “अजून आहे ना?” गुणाबाई रोज म्हणायची, “हाय.”

तिथे बसल्या बसल्या अरुंधतीबाईंनी तिला एकेक विचारून घेतलं. लाकूड कधी तोडलेलं घ्यायचं? थंडीत, झाडाच्या अंगात पाणी कमी असतं तेव्हा. डोंगरातून कातकरणी मोळ्या आणतात, त्यांच्याकडून. मग फोडून, दगडांच्या ओळीवर रचायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही. टोकं खाडीकडे करायची, म्हणजे दुपारचा वारा आरपार जातो. वर माडाच्या झापांचं छप्पर, बाजू उघड्या. एक पावसाळा त्याला तसाच वाऱ्यावर काढू द्यायचा, पुढचा उन्हाळा उन्हात, आणि मग मृगाच्या आधीपासून थोडं थोडं उचलून चुलीवरच्या माळ्यावर. तिथे रोजच्या स्वयंपाकाची धग त्याचा उरलासुरला ओलावा ओढून घेते. तेव्हा कुठे ते जाळायचं. या वर्षीचं लाकूड या वर्षी जाळायचं नाही.

“इतकी वर्षं हे सगळं कशासाठी, गुणाबाई? आंघोळीच्या पाण्याला इतकं कोण करतं?”

गुणाबाईने एक लाकूड आत सारलं. “माझा पयला पोरगा पन असाच व्हता. आठव्यातला, श्रावनातला. घरात लाकूड ओलं व्हतं. धूर जावा म्हनून दार उघडलं की वारा आत, दार लावलं की धूर आत. सासूनं आनि मी तीन दिवस तेच केलं, उघड आनि लाव. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला.” तिने विस्तव सारखा केला. “सासूनं, सखूबायनं, त्या वर्षीच दगडांची दुसरी ओळ मांडली. म्हनाली, आता या घरात दोन पावसाळ्यांचं लाकूड ऱ्हायल. ती गेली, आता मी ठेवते.”

कोळीवाड्यात पावसाळ्यात कोणी बाळंतीण झाली की तिचे दगड आणि तिचं लाकूड त्या घरी जायचं. किती पोरं झाली अशी, तिने मोजलं नव्हतं. नवीन पनवेलच्या सिमेंटच्या घरात आपण पहिल्यांदाच आलो, एवढं तिला आठवत होतं.

अरुंधतीबाई त्या जाळाकडे बघत राहिल्या. त्यांनी फळ्यावर खडूने ढग काढले होते, बाण काढले होते, पाण्याची वाफ होते आणि वाफेचं पाणी होतं हे शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. इथे एका बाईने तेच ज्ञान एका मुलाला गमावून मिळवलं होतं आणि चाळीस वर्षं दगडावर रचून, झापाखाली राखून ठेवलं होतं. त्यांना मनापासून त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पण गुणाबाईने ते करू दिलं नसतं, म्हणून त्यांनी उठून तिला चहा करून दिला, त्याच जाळावर.

मंगळवारी दुपारी दिवे आले. पाळण्यावरचा दिवा पेटला तेव्हा गुणाबाईने त्याच्याखाली हात धरून बघितला, मान हलवली, आणि मगच जाळातलं लाकूड ओढून विझवलं. दगड निवेपर्यंत ती बसून राहिली. मग ते पाटीत घालून, पाटी डोक्यावर घेऊन निघाली. कृष्णकांतांनी पाकीट पुढे केलं, तर तिने फक्त सुकटीचे पैसे घेतले.

दोन दिवसांनी डॉक्टर चारुदत्तांनी पोरीला काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे. त्यांनी परत एकदा वजन केलं. कृष्णकांतांचा कागद वाचला, पुन्हा वाचला. “वीज नसताना? कुठला हीटर आहे तुमच्याकडे?”

“कोळीवाड्यातला,” कृष्णकांत म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटी, पोर अडीच किलोची झाल्यावर, अरुंधतीबाई साडी, खण आणि नारळ घेऊन कोळीवाड्यात गेल्या. ओटी भरायची होतीच, पण खरं सांगायचं तर त्यांना ती लाकडं बघायची होती. खाडीकडे टोकं केलेली ती रास, ती दगडांची ओळ, तो माळा. सबंध वाट त्या मनात तेच चित्र रंगवत होत्या. पुढच्या वर्षी आठवीच्या मुलांना इथे घेऊन यायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

घर सापडलं ते धुरावरून. कौलांतून धूर निघत होता, दारातून निघत होता. आत भावना चुलीपुढे वाकून फुंकणीने फुंकत होती, खोकत होती, डोळे पुसत होती. चुलीत लाकूड सुसू करत होतं आणि त्याच्या टोकाला पाण्याचा फेस आला होता. वर माळा होता. माळ्याच्या बांबूंमधून सरळ कौलं दिसत होती.

अरुंधतीबाई मागच्या दाराने बाहेर आल्या. दगडांच्या दोन ओळी होत्या, जशा त्यांनी ऐकल्या होत्या तशाच, खाडीला आडव्या. एका ओळीवर यंदाचं लाकूड होतं, हिरवट सालीचं, जड, आणि तेही निम्मं संपलेलं. दुसऱ्या ओळीवर काही नव्हतं. दगडांवर शेवाळ धरलं होतं. रोज तीन गोणी, चार दिवस. सगळ्या कोळीवाड्याच्या बाळंतिणींसाठी राखलेलं, या घराच्या चार महिन्यांच्या चुलीचं लाकूड त्यांच्या पडवीत जळून गेलं होतं, आणि हे घर महिनाभर धूर खात बसलं होतं. पुढच्या वर्षीही तेच, कारण यंदाचं लाकूड यंदाच जळत होतं.

गुणाबाई मागून आली. तिचे डोळे लाल होते.

“गुणाबाई,” अरुंधतीबाई म्हणाल्या, “मी रोज विचारत होते तुम्हाला. अजून आहे ना, रोज विचारत होते. एवढंच आहे, असं एकदा तरी सांगायचं होतं मला.”

गुणाबाईने त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि झापाखाली कोरड्या जागी ठेवला.

“सांगितलं असतं, वैनी,” ती म्हणाली, “तर तुमी जपून जाळलं असतं.”